गच्ची गळायला लागल्यावर ठेकेदाराची गॅरंटी आठवते? या चुका टाळा

जुलै लागला की माझा फोन वाजायला सुरुवात होते. "भाऊ, स्लॅब गळून राह्यला, ठेकेदार फोन उचलत नाही." मी विचारतो, कागद आहे का? मग थोडी शांतता, आणि ठरलेलं उत्तर: "माणूस चांगला आहे हो, त्यानं तोंडी दहा वर्षांची गॅरंटी दिली होती." बोलाचीच कढी. नागपुरात इतकी वर्षं साइटवर काढल्यावर सांगतो, बहुतेक घरमालक हे भांडण गळती दिसायच्या आधीच हरलेले असतात.

रागाच्या भरात दुसऱ्या मिस्त्रीला हात लावू देणं

बेसा भागातल्या एका सरांचं घर. स्लॅब पडला मेच्या शेवटी, ऐन नवतपात. गड्यानं सकाळी नळी फिरवायची आणि अकरापर्यंत स्लॅब कोरडा ठणठणीत. (अशा कोरड्या उन्हात किमान दहा दिवस स्लॅब ओला ठेवावा असं मानक आहे, मी वाफे करून चौदा दिवस पाणी तुंबवतो. घाई असणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये.) पुढे गच्चीवर कोबा झाला, वास्तुशांती झाली, आणि दुसऱ्या वर्षीच्या जुलैत बेडरूमच्या पंख्याच्या हुकाजवळ रंगाचे पोपडे सुटले. ठेकेदार तीन आठवडे "उद्या येतो" म्हणत राहिला. सरांचा संयम सुटला. साळ्यानं एक मिस्त्री आणला, त्यानं कोपऱ्यातला कोबा फोडून डांबरी शीट चिकटवली. सप्टेंबरात पाणी पुन्हा त्याच जागी.

आता ठेकेदार आला, गच्चीवर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "माझा कोबा तुम्हीच फोडला. वरून हा डक्टिंग कूलरचा स्टँड गच्चीत बोल्ट मारून बसवला. आता गॅरंटी कशाची मागता?" फोडण्याआधीचा एक फोटो सरांकडे नव्हता. मी तिथेच उभा होतो, पण बोलणार काय?

माझी सवय अशी. पोपडा दिसला की खडूनं ओलीची कड आखायची, तारीख घालायची, फोटो काढायचा. ठेकेदाराला व्हॉट्सअ‍ॅप, आणि तोच मजकूर स्पीड पोस्टानं, पंधरा दिवसांची मुदत देऊन. तो आला तर त्याच्यासमोर पाणी तुंबवून बघायचं: नाळ्या बोळे घालून बंद करायच्या, गच्चीवर दोन-तीन इंच पाणी, पॅरापेटवर पेन्सिलीची रेघ. शेजारी तेवढ्याच पाण्याची एक बादली उघडी ठेवायची. नाहीतर ठेकेदार म्हणतो, "पाणी उन्हानं उडालं." बादलीत जितकं उतरलं त्याहून गच्चीवर जास्त उतरलं, तर पाणी स्लॅबमध्ये गेलंय. तो आलाच नाही तर तिसऱ्या इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या, मगच दुरुस्ती. तोवर ताडपत्री टाका, हातोडा नको.

वास्तुशांतीच्या घाईत शेवटचा हप्ता देऊन टाकणं

अक्षय तृतीयेला घरात शिरायचंय, म्हणून लोक पूर्ण पैसे देऊन काम "लवकर" करून घेतात. लवकर होतंच, कारण ठेकेदाराला परत यायचं काही कारणच उरत नाही. मी पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत अडवून ठेवतो, आणि ते करारात पहिल्याच दिवशी लिहितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत निघून गेली, छत कोरडं आहे, मग चेक. यावर कुरकुरणारे ठेकेदार मी पाहिलेत, आणि नंतर त्यांचेच स्लॅब गळतानाही.

"रेरात खेचतो" ही धमकी

रेरातली (म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्यातली) पाच वर्षांची दोष-दुरुस्तीची जबाबदारी फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या प्रवर्तकावर असते. तुम्ही स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावून घर बांधलं, तर ती वाट तुमची नाही. तुमची वाट ग्राहक आयोगाची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. "येतो, येतो" ऐकत दोन पावसाळे काढणाऱ्यांनी ही मुदत ध्यानात ठेवावी.

बाकीच्या चुका थोडक्यात. सगळं रोखीनं देऊ नका. आयोगापुढे तुमच्या डायरीतल्या आकड्यापेक्षा बँकेची नोंद जड पडते. लेबर रेटनं (माल तुमचा, मजुरी त्याची) काम दिलं असेल तर सिमेंट-रेतीची बिलं सांभाळा, कारण पहिला दोष तुमच्या मालाला लागणार. वॉटरप्रूफिंग कंपनीची वॉरंटी बघताना अटी वाचा. पुष्कळदा ती कंपनीच्या नोंदणीकृत माणसानंच काम केलं तर लागू असते. आणि काळ्या मातीवर पायवा किती खोल घेतला, ते बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढा. नंतर भिंतीला तडा गेला की ते कोणी उकरून दाखवत नाही.

सरांचं शेवटी अर्ध्यावर मिटलं. मजुरी ठेकेदाराची, माल सरांचा. कूलरचा स्टँड अजून गच्चीवरच आहे.