बिल्ड केलं एक, चालत होतं भलतंच: सोर्समधून लायब्ररी बिल्ड करायला बसणाऱ्या नवीन मुलामुलींसाठी

कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, म्हणजे सोर्स कोडवरून लायब्ररी (दुसरे प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) बनवून बसवायच्या तीन कमांड, हे तुम्ही एकदा तरी केलेलं असणार असं धरून चालते. नसेल केलं तर आधी झेडलिबसारखी छोटी लायब्ररी घेऊन करून बघा आणि मग इकडे या. मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं. मी अडकले ती तिथेच, तब्बल अकरा दिवस, आणि ते दिवस आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

2018 चा पावसाळा होता, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहत होते, नोकरी हिंजवडीत, म्हणजे रोजचे तीन तास बसमध्येच जायचे, आणि रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून एका टेक्स्ट लायब्ररीतला बग सोडवायला बसायचे. बग रफारचा होता. जुन्या फॉन्टांमध्ये 'अर्थ' टाईप करताना रफार थ च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र र् आधी आणि थ नंतर, आणि लायब्ररी ही अदलाबदल जोडाक्षराच्या वेळी चुकत होती. कोडमधली चूक मला पहिल्याच रात्री सापडली. दुरुस्त केली, बिल्ड झालं, एकही एरर नाही, सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून मेक इन्स्टॉल केलं, प्रोग्राम चालवला, आणि रफार होता तिथेच.

मग मी फंक्शनमध्ये एक प्रिंटएफ, म्हणजे स्क्रीनवर छापणारी ओळ, टाकला. तोही दिसेना. मला वाटलं फंक्शनच कॉल होत नाहीये, म्हणून वरचं फंक्शन बदललं, मग त्याच्या वरचं, मग कंपायलर काढून परत टाकला. एका गुरुवारी लाईट गेली आणि अर्धवट बिल्ड बंद पडलं तेव्हा मी खरंच रडले. आपल्याला हे जमणार नाही, सी भाषा आपल्या डोक्याच्या बाहेरची आहे, असं मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

ऑफिसातल्या एका सीनियर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अगं, तो कुठली डॉट एसओ उचलतोय ते बघितलंस का?"

डॉट एसओ म्हणजे लायब्ररीची बिल्ड झालेली फाईल. प्रोग्राम कुठल्या डॉट एसओ उचलतो ते दाखवणारी एलडीडी ही कमांड चालवली. प्रोग्राम उबुंटूबरोबर आलेली जुनी लायब्ररी उचलत होता. माझी नवी लायब्ररी युएसआर लोकल लिब या फोल्डरमध्ये अकरा दिवस नुसती पडून होती.

आता हे सावकाश वाचा, दोनदा वाचा. लायब्ररी दोन वेळा शोधली जाते. पहिल्यांदा बिल्ड करताना, आणि ते काम जीसीसी हा कंपायलर आणि तुकडे जोडणारा लिंकर यांचं. दुसऱ्यांदा प्रोग्राम सुरू होताना, आणि ते काम प्रोग्रामसाठी लायब्ऱ्या मेमरीत आणणाऱ्या लोडरचं. दोघं वेगळे, शोधायच्या जागा वेगळ्या. जीसीसी साधारणपणे युएसआर लोकलमध्ये आधी बघतो, त्यामुळे त्याला माझी नवी लायब्ररी सापडली आणि तो खूश. लोडर मात्र सगळ्या डिरेक्टऱ्या हिंडत बसत नाही, तो एक तयार यादी वाचतो, आणि ती यादी एलडीकॉन्फिग ही कमांड चालवल्याशिवाय ताजी होत नाही. मी ते चालवलंच नव्हतं. यादीत त्या नावाची जुनी फाईल होती, त्याने ती घेतली. एरर कशाला येईल, त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं. म्हणून बिल्ड झालं म्हणजे आपण बिल्ड केलेलंच चालतंय असं अजिबात समजू नका. आधी एलडीडी बघा. तेवढ्याने कळलं नाही तर एलडी डीबग या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलला लिब्स ही किंमत देऊन प्रोग्राम चालवा, लोडर कुठे कुठे शोधतोय ते ओळीओळीने समोर येतं. आणि मेक इन्स्टॉलच्या शेवटी लिबटूल हे बिल्डमधलं टूल जो लांबलचक मजकूर छापतं ना, रेघांच्या मध्ये, लायब्ररी इथे टाकली आहे आता असं असं करा म्हणून, तो वाचत जा. माझं उत्तर त्यात पहिल्या रात्रीपासून होतं.

यावर लगेच कोणीतरी सांगेल की एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे लोडरने आधी कुठे शोधायचं ते सांगणारं व्हेरिएबल, सेट कर आणि बॅशआरसी या टर्मिनल उघडताना चालणाऱ्या फाईलमध्ये टाकून दे. एका वेळच्या टेस्टपुरतं ठीक आहे, बॅशआरसीत टाकू नका, कारण त्या टर्मिनलमधून चालणारा प्रत्येक प्रोग्राम मग तुमच्या अर्ध्या-कच्च्या डॉट एसओ उचलायला लागतो आणि सहा महिन्यांनी भलतंच काहीतरी बिघडतं. शिकताना सुडोची पण गरज नाही. कॉन्फिगरला प्रिफिक्स देऊन होम डिरेक्टरीतल्या एका फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा, लिंक करताना आरपाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता, द्या, नको झालं की फोल्डर उडवा.

त्या मॅडमचा प्रश्न आठवून सांगते, मेंटॉरबद्दल माझं मत ठाम आहे. कमांड हातात देतो तो मेंटॉर नाही, काय बघितलंस असं विचारतो तो मेंटॉर. आणि प्रोजेक्टच्या रीडमी या माहितीच्या फाईलमधल्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या पाठवून प्रोफाईल भरायला शिकवणाऱ्या क्लासमध्ये पैसे घालू नका. ओपन सोर्सला हातभार लावायच्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या उपक्रमात 2020 मध्ये असल्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे आमचा बदल घ्या अशा विनंत्यांचा, इतका पूर आला की प्रोजेक्टने स्वतः होकार दिला तरच त्या धरायच्या असा नियम मधेच करावा लागला. त्या पलीकडे वाचणारा एक थकलेला माणूस असतो हो. एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या टूलचं तर माहितीच आहे, एकट्याच्या खांद्यावर चाललेला प्रोजेक्ट, कोणीतरी दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावला आणि 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या रिलीजमध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, घातलं. ते चालू करणारी बिल्ड स्क्रिप्टमधली ओळ फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे रिलीजबरोबर मिळणाऱ्या सोर्सच्या गठ्ठ्यात, होती, गिटमधल्या कोडमध्ये नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून ते उघडकीला आलं. तेव्हा टारबॉल आणि गिटचा टॅग ताडून बघायची सवय आत्तापासून लावा.

पुढे मी स्वतःची छोटी लायब्ररी काढली, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी, आणि तेच दुखणं उलट्या बाजूने दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. सदाशिव पेठेत डीटीपी करणारे एक काका आहेत, त्यांच्या पुतण्याने माझ्या लायब्ररीवर एक प्रोग्राम लिहून त्यांना उबुंटूवर बसवून दिला होता. दिवाळी अंकाच्या ऐन धावपळीत मी नवं रिलीज केलं, पुतण्याने फक्त लायब्ररी अपडेट केली, आणि काकांचा प्रोग्राम फाईल उघडली की बंद पडायला लागला.

मी काय केलं होतं? लायब्ररीबरोबर द्यायच्या हेडर फाईलमधल्या एका स्ट्रक्टमध्ये (अनेक किमती एकत्र ठेवायचा साचा), मधोमध, एक इंट, म्हणजे पूर्णांक, वाढवला होता. आधी दोन इंट आणि एक पॉइंटर होता, 64 बिटवर 16 बाईट. मध्ये एक इंट आला, पॉइंटर आठच्या पटीतच बसतो म्हणून तो आठव्या बाईटवरून सोळाव्यावर सरकला, एकूण झाले 24. काकांचा प्रोग्राम जुन्या हेडरवर कंपाईल झालेला, तो जागा ठेवणार 16 ची, आणि माझी नवी डॉट एसओ त्यात लिहिणार 24. माझ्या टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, कारण माझ्याकडे प्रत्येक टेस्ट नव्या हेडरवर नव्याने कंपाईल होत होती! शेवटी वाढवला असता तरी वाचले नसते, जागा प्रोग्रामच ठेवत होता ना.

असं काही बदलायचंच असेल तर एसओनेमचा, म्हणजे डॉट एसओच्या नावातला आवृत्तीचा, आकडा वाढवा, 1 चा 2 करा, म्हणजे जुने प्रोग्राम जुन्याच फाईलवर राहतात. त्याहून बरं, स्ट्रक्ट हेडरमध्ये उघडा ठेवूच नका, आत लपवा, बाहेर फक्त पॉइंटर द्या आणि तयार करायचं नि मोकळं करायचं फंक्शन द्या. एबीआयडिफ नावाचं टूल आहे, दोन डॉट एसओ दिल्या की काय मोडलं ते सांगतं, रिलीजच्या आधी चालवा. घाबरू नका, हे सगळं शिकायला एक शनिवार पुरतो, मला कोणी आधी सांगितलं नव्हतं एवढंच.

काकांकडे मी त्याच संध्याकाळी गेले, जुनी लायब्ररी परत घालून दिली. ते रागावले नाहीत, चहा मागवला आणि विचारलं, "परत होणार नाही ना बाळ, प्रेसला सोमवारी द्यायचंय." त्यांचा तो कंपाईल केलेला जुना प्रोग्राम मी पेनड्राईव्हवर मागून घेतला. आता प्रत्येक रिलीजच्या आधी तो तसाच्या तसा, परत कंपाईल न करता, नव्या डॉट एसओवर चालवते, आणि त्यांच्या त्या अंकातली पहिली चाळीस पानं त्यातून काढून बघते.