नोटपॅड प्लस प्लस चालू आहे पण खिडकीच दिसना? आधी अनइन्स्टॉल करू नका

परवा उदगीरहून दोस्ताचा फोन आला. त्याच्या शिकवण्या चालतात, पोरांना एचटीएमएल शिकवतो. म्हणला, "आरं नोटपॅड प्लस प्लस उघडनाच गेलंय, तीनदा काढून परत टाकलं, व्हायरस बसला काय बग." मी म्हणलं, थांब, काल प्रोजेक्टर लावला होतास का? "लावला होता की, मधीच लाईट गेली." बास, तिथंच कळलं.

तर होतंय काय, नोटपॅड प्लस प्लस म्हणजे कोड लिहायचा एडिटर, तो बंद होताना आपली खिडकी स्क्रीनवर कुठं होती ते एका फायलीत लिहून ठेवतो अन् पुढच्या टायमाला तिथंच जाऊन बसायला बघतो. प्रोजेक्टर एक्स्टेंड मोडवर असला की विंडोजच्या हिशोबात लॅपटॉपच्या उजव्या अंगाला अजून एक स्क्रीन जोडलेली असते. आता प्रोजेक्टर बंद पडला पण वायर तशीच खोचलेली राहिली, तर बऱ्याचदा विंडोजला वाटतं दुसरी स्क्रीन आहेच, मग खिडकी बिचारी भिंतीवर उघडते अन् भिंतीवर तर अंधार. वरून हा एडिटर एका टायमाला एकदाच चालतो, त्यामुळं आयकॉनवर कितीही टकटक करा, आधी चालू असलेलीच खिडकी पुढं येते, म्हणजे परत भिंतीवरच. अन् आपण म्हणतो उघडना.

म्हणून पहिलं काम, ती वायर काढा. वायर काढायची नसंल तर विंडोजचं बटन अन् पी दाबा, सगळ्यात वरचा पर्याय घ्या, फक्त लॅपटॉपची स्क्रीन ठेवायचा. निम्म्या केसा इथंच मिटतात, खरं सांगतो.

नाही मिटलं तर खाली टास्कबारवर आयकॉनवर माऊस नुसता धरून बघा. छोटं चित्र आलं अन् त्यात तुमची फाईल दिसली म्हणजे प्रोग्राम ठणठणीत आहे, खिडकीच बाहेर पडलीय. आयकॉनवर एकदा क्लिक करा, मग विंडोजचं बटन, शिफ्ट अन् डावा बाण. दुसरी स्क्रीन जोडलेली असंल तर खिडकी तिकडून इकडं उडी मारते. नसंल तर शिफ्ट धरून आयकॉनवर राईट क्लिक करा, मूव्ह घ्या, एकदा कुठलाबी बाण दाबा अन् माऊस हलवा, खिडकी माऊसला चिकटून येते. मूव्ह फिकट दिसत असंल तर खिडकी मॅक्सिमाईज झालेली असते, आधी रिस्टोअर करा. तो बाण एकदा दाबायचा राहतो अन् लोक म्हणतात जमना, म्हणून दोनदा सांगायलोय.

अजून एक सोपी आयडिया आहे. चालू असलेला एडिटर बंद करून विंडोज अन् आर दाबा, तिथं इंग्रजीत लिहा: नोटपॅड++ -एक्स५० -वाय५०. आकडा अक्षराला चिकटूनच पाहिजे, मधी जागा सोडायची नाही. खिडकी डावीकडून वरच्या कोपऱ्यात उघडते.

आता खरी मेख. मित्रानं तीनदा इन्स्टॉल करून फरक कामून पडला नाही? कारण ती जागा लिहिलेली फाईल प्रोग्रामच्या फोल्डरात नसतेच. काढताना ते विचारतं की तुमची सेटिंग ठेवू का, आपण सवयीनं होय दाबतो, अन् जुनं दुखणं तसंच राहतं. फाईल सापडते अशी: विंडोज अन् आर, %ॲपडेटा%\नोटपॅड++, एंटर (हे बी इंग्रजी स्पेलिंगमधीच). तिथं कॉन्फिग डॉट एक्सएमएल आहे. पेनड्राईव्हवरची पोर्टेबल वापरत असाल तर ही फाईल प्रोग्रामच्याच शेजारी बसलेली असते.

पण एडिटर चालू असताना ती फाईल बदलू नका. तुम्ही मोठ्या मेहनतीनं आकडा दुरुस्त कराल अन् एडिटर बंद होताना जुनाच आकडा परत लिहून मोकळा होईल. यात माझी एक दुपार गेलीय. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढा अन् तिथून एंड टास्क करा. सेव्ह न केलेल्या फायलींची काळजी वाटत असंल तर, मूळ सेटिंगमधी दर 7 सेकंदाला बॅकअप घेतला जातो, तो पर्याय तुम्ही बंद केला नसंल तर परत उघडल्यावर मजकूर तिथंच सापडतो.

मग कॉन्फिगची एक कॉपी बाजूला ठेवा अन् मूळ फाईल विंडोजच्या साध्या नोटपॅडमधी उघडा. ॲपपोझिशन शोधा. त्या ओळीत एक्स (खिडकी डावीकडून किती लांब), वाय (वरून किती खाली), रुंदी, उंची असे आकडे असतात. मित्राची स्क्रीन 1366 बाय 768 ची अन् एक्स निघाला 1520! स्क्रीन संपली तरी ह्याची खिडकी सुरूच झाली नव्हती. एक्स 100, वाय 100 करून सेव्ह केलं, आकड्याभोवतीचे अवतरणचिन्ह तेवढे खाऊ नका. उणे आकडा दिसला म्हणून लगेच घाबरायचं बी नाही, दुसरी स्क्रीन डावीकडं असली की उणेच येतो.

हे सगळं नको वाटत असंल तर कॉन्फिगचं नुसतं नाव बदला, एडिटर नवी कोरी फाईल बनवतो. निवडलेली थीम अन् बाकी आवडीनिवडी जातात, पण उघडे टॅब वेगळ्या फायलीत असतात, ते राहतात. मला स्वतःला आकडा बदललेलाच बरा वाटतो.

अन् खिडकी दिसतेय पण वरची पट्टी अन् मेनू गायब, असं असंल तर ते वेगळं प्रकरण आहे, पोराटोरांचं बोट एफ12 किंवा एफ11 ला लागलेलं असतं. तेच बटन परत दाबा. नुसता मेनूच नसंल तर ऑल्ट दाबून बघा.

मित्राचं उघडलं, अन् पाच मिनिटात परत फोन, "डॉक्युमेंट मॅप दिसना." अख्खी फाईल कडेला बारीक करून दाखवणारा तो पॅनेल त्यानं ओढून सुटा केला होता, तो अजून भिंतीवरच. त्याच कॉन्फिगमधी फ्लोटिंगविंडो म्हणून ओळ होती, तिचे बी एक्स अन् वाय तसेच बदलायला लावले. एडिटर बंद करून, अर्थात.