उंच इमारतींचे फोटो काढताना या चुका टाळा

मला डिस्लेक्सिया आहे. घाईत कॅमेऱ्याच्या मेन्यूतली अक्षरं नाचायला लागतात, २५० चे ५२० होतात. पूर्वी मी रस्त्यात उभा राहून मेन्यू वाचत बसायचो आणि तोवर ऊन सरकायचं. ही चूक करू नका. इमारतींचं सेटिंग (आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १०० आणि लेन्सचं छिद्र एफ-८) डायलवरच्या सी-१ मध्ये, म्हणजे स्वतःचं सेटिंग ठेवायच्या जागेत, घरीच साठवा. माझ्या सी-१ शेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. वाचावं लागतच नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर करणं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही टॉवरखाली करून बघा, इमारत मागे कलंडल्यासारखी येते. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, वरचे मजले लांब पडतात, म्हणून अरुंद दिसतात. शक्य तितकं मागे जा, किंवा परवानगी काढून समोरच्या गच्चीवरून कॅमेरा सरळ धरा. तेही जमत नसेल तर कॅमेरा सरळच ठेवा, खाली रस्ता भरपूर येऊ द्या आणि नंतर कापा. सॉफ्टवेअरने रेषा सरळ करणार असाल तर चारही बाजूंना जागा सोडा, कडा कापल्या जातात.

सोबतच्या मित्राने ‘डावीकडे सरक’ म्हटलं की मी अडकतो. ‘गोदावरीकडे सरक’ म्हटलं की पाय आपोआप वळतात. तुमच्या सोबत्यालाही असंच सांगायला लावा.

काळाराम मंदिराचा काळा दगड चौकटभर घेतला तर कॅमेरा फसतो, अंधार समजून जास्त उजेड घेतो आणि आकाश पांढरंफटक होतं. एक्स्पोजर (आत येणारा उजेड) थोडं कमी करा. उन्हात चमकणाऱ्या काचेच्या टॉवरला उलट, थोडं वाढवा.

इमारतीचा आकार न समजता फोटो काढणं ही मला सगळ्यात खटकणारी चूक. मी वाचण्याऐवजी कणकेचा गोळा घेऊन आकार करून बघतो. दुबईचा ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा असाच समजला: मध्ये गाभा, तीन पंख, आणि वर जाताना एकेक पंख मागे हटतो. त्यामुळे प्रत्येक उंचीवर वाऱ्याला वेगळा आकार भेटतो आणि वाऱ्याच्या भोवऱ्यांचा एकत्रित जोर बसत नाही. न्यूयॉर्कच्या १९३१ च्या एम्पायर स्टेट इमारतीच्या मागे हटत जाणाऱ्या टप्प्यांचं कारण निराळं: रस्त्यावर उजेड-हवा पोचावी म्हणून न्यूयॉर्कने १९१६ साली केलेला नियम. भर दुपारी हे टप्पे सपाट दिसतात; तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या उठतात.

घरी आल्यावर फाइलींची नावं वाचत बसू नका. प्रत्येक इमारतीआधी मी तळहाताचा एक फोटो काढतो. हात दिसला की पुढची इमारत.