देश बदलतो तेव्हा त्याच्या फुटबॉल संघाचा इतिहास कसा लिहावा

मुंबईतील फुटबॉलप्रेमी आपल्या जुन्या राष्ट्रीय संघाचा शोध घेऊ लागला की युगोस्लाव्हिया हे नाव त्याला दोनदा आडवे येते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये याच संघाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. १९५६ मध्ये मेलबर्नला नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेले, तिथेही त्यांनीच आधी गोल केला, पण सामना युगोस्लाव्हियाने ४-१ असा जिंकला. वांद्र्यात डिसोझांच्या नावाचे मैदान आजही आहे. युगोस्लाव्हिया मात्र नकाशावर कुठेच नाही; आग्नेय युरोपातला हा देश फुटून सर्बिया, क्रोएशिया, माँटेनेग्रो असे वेगवेगळे देश झाले. अशा संघाचा इतिहास ज्याला लिहायचा आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीला एक जाड वही घ्यावी. डाव्या पानावर राजकीय घटना आणि उजव्या पानावर सामने, दोन्ही तारखांसह लिहीत जावे. कोणत्याही सामन्याबद्दल मत बनवण्यापूर्वी त्या दिवशी देशाचे अधिकृत नाव काय होते, सीमा कुठे होत्या आणि फुटबॉल महासंघाचे कार्यालय कोणत्या शहरात होते, एवढे तरी डावीकडे नोंदलेले असावे. कार्यालयाचा मुद्दा अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण १९३० च्या पहिल्या विश्वचषकाचे कोडे त्यावाचून सुटत नाही. १९१९ मध्ये झाग्रेबला स्थापन झालेल्या महासंघाचे कार्यालय बेलग्रेडला हलवले गेले, आणि क्रोएशियातील फुटबॉल संघटनेने या निर्णयाच्या निषेधार्थ आपले खेळाडू पाठवले नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी राजा अलेक्झांडरने संसद बरखास्त करून सत्ता हाती घेतली होती आणि राज्याला ‘युगोस्लाव्हिया’ हे नाव दिले होते. म्हणजे हे नाव धारण करून विश्वचषकात उतरलेला पहिला संघ क्रोएशियातील खेळाडूंविनाच खेळला, आणि तरीही त्याने उपांत्य फेरी गाठली.

दोन्ही पाने समोरासमोर ठेवली की साध्या निकालांचे वजन कळू लागते. भारताला हरवल्यानंतर काही दिवसांतच युगोस्लाव्हियाची गाठ सोव्हिएत संघाशी पडली. सामना ५-५ असा बरोबरीत सुटला आणि फेरसामना युगोस्लाव्हियाने ३-१ असा जिंकला. उजव्या पानावर हा ऑलिम्पिकमधला एक विजय आहे. डाव्या पानावर मात्र १९४८ ची नोंद आहे: त्या वर्षी सोव्हिएत नेता स्टालिनने युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांच्या पक्षाला साम्यवादी देशांच्या गोटातून बाहेर काढले होते. पराभवानंतर मॉस्कोतील सैन्यदलाचा फुटबॉल संघच बरखास्त करण्यात आला. हा संबंध दाखवला नाही, तर सैन्याचा संघ एका ऑलिम्पिक पराभवापायी का मोडावा, हे वाचकाला कधीच उमगणार नाही.

यापुढचे काम सर्वांत मोलाचे आहे आणि त्यासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. एखादा निर्णायक सामना निवडून त्यातील खेळाडूंची यादी घ्यावी, प्रत्येकाच्या नावापुढे जन्मगाव आणि ते गाव आज कोणत्या देशात आहे, हे लिहावे. माझ्या वहीत ३० जून १९९० चे पान आहे. फ्लोरेन्समधील उपांत्यपूर्व सामन्यात दहा खेळाडूंनिशी झुंजलेला युगोस्लाव्हिया अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरला. पेनल्टी मारणारे पाच जण असे: स्टोयकोविच निशचा, म्हणजे आजच्या सर्बियातला, साविचेविच आणि ब्रनोविच टिटोग्राडचे, हाजिबेगिच सारायेवोचा, म्हणजे आजच्या बोस्नियातला, आणि प्रोसिनेचकी जन्माने जर्मनीतला, आई सर्ब आणि वडील क्रोएट. टिटोग्राड हे नावही पुढे टिकले नाही. १९९२ मध्ये त्या शहराने पॉडगोरिका हे जुने नाव परत घेतले आणि आज ते माँटेनेग्रोची राजधानी आहे. प्रोसिनेचकीने १९९० मध्ये युगोस्लाव्हियासाठी विश्वचषकात गोल केला होता. १९९८ मध्ये त्याने क्रोएशियासाठी केला. एका पानावरच्या या पाच नावांत एक देश दुभंगताना दिसतो.

मात्र याच ठिकाणी लेखकाचा तोल जाण्याची भीती असते. मे १९९० मध्ये झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर दंगल झाली आणि क्रोएट खेळाडू बोबानने पोलिसाला लाथ मारली, हे खरे आहे. जूनमध्ये त्याच मैदानावर नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्यापूर्वी प्रेक्षकांनी स्वतःच्याच देशाच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली, हेही खरे आहे. पण युगोस्लाव्हिया फोडणारे ‘युद्ध तिथेच सुरू झाले’ हे वाक्य नंतरच्या आठवणींतून आलेले आहे. घटना आणि तिचा नंतर लावलेला अर्थ यांसाठी वेगळ्या शाईची दोन पेने वापरावीत. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. अनवाणी खेळण्यास मनाई केल्यामुळे भारत १९५० च्या विश्वचषकाला गेला नाही, असे कूपरेजच्या स्टँडमध्ये मी लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात लांबचा प्रवास, तयारीचा अभाव आणि ऑलिम्पिकलाच थोर मानण्याची तेव्हाची दृष्टी ही कारणे अधिक वजनदार आहेत. म्हणून टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून त्या त्या महिन्याची वर्तमानपत्रे चाळण्याचा कंटाळा करू नये.

आकडेवारीचा वारसा कोणाकडे गेला, हेही स्पष्ट लिहावे. फिफाच्या हिशेबात युगोस्लाव्हियाचा वारसा सर्बियाकडे जातो, क्रोएशियाची मोजणी वेगळी चालते. पूर्व जर्मनीचे खाते तर १२ सप्टेंबर १९९० रोजी ब्रुसेल्समध्ये बेल्जियमला २-० असे हरवून बंदच झाले. अधिकृत हिशेब द्यावा, पण त्या गोलांचे मानकरी कुठले होते, हे वहीतल्या यादीवरून सांगावे. आपल्या संघाची यादीही याच कसोटीला लावावी: गोमंतकीय वंशाचे डिसोझा मेलबर्नला भारतासाठी खेळले, तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि त्याच्या मुक्तीला आणखी पाच वर्षे होती.

निर्बंधांच्या काळात रिकामे राहिलेले उजवे पान रिकामेच ठेवावे, पण त्यावर कारण लिहावे. १९९२ मध्ये सारायेवोला वेढा पडल्यावर त्याच शहराचे सुपुत्र असलेले युगोस्लाव्हियाचे प्रशिक्षक इव्हित्सा ओसिम यांनी पद सोडले. ३० मे रोजी संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले आणि युगोस्लाव्हियाला युरोपीय स्पर्धेतून वगळण्यात आले. ऐनवेळी बोलावलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली.

शेवटची तारीख ठरवताना राजकीय पानाच्या भरवशावर राहू नये. २१ मे २००६ रोजी माँटेनेग्रोच्या जनतेने वेगळे होण्याचा कौल दिला आणि ३ जूनला स्वातंत्र्याची घोषणा झाली. डावे पान तिथे संपते. पण युगोस्लाव्हियातून शेवटी एकत्र उरलेल्या दोघांचा, सर्बिया आणि माँटेनेग्रो या नावाचा संघ त्यानंतर जर्मनीतील विश्वचषकात उतरला, अर्जेंटिनाकडून ६-० असा हरला, आणि २१ जूनला म्युनिकमध्ये आयव्हरी कोस्टविरुद्ध ३-२ असा पराभव पत्करून मैदानाबाहेर आला. वही त्या तारखेला मिटावी.