नाल्याकाठच्या जुन्या उद्योगवस्तीचे पुनरुज्जीवन कसे करावे : जयंती नाल्याच्या काठावरून

जयंती नाला कोल्हापूर शहराच्या मध्यातून वाहत जाऊन पंचगंगेला मिळतो. उद्यमनगर, हुतात्मा पार्क, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी असा त्याचा टापू आहे आणि कोल्हापूरच्या यंत्रोद्योगाची घडण बरीचशी याच टापूत झाली. मोठे कारखाने पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलकडच्या औद्योगिक वसाहतींत गेले. मागे उरले ते लेथ, पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना), वेल्डिंग आणि जॉबवर्कचे (दुसऱ्यांसाठी मजुरीवर करून द्यायच्या कामाचे) लहान गाळे, काही बंद शेड, भंगाराचे ढीग आणि सगळ्या बांधकामांनी ज्याच्याकडे पाठ फिरवली आहे असा काळा नाला. हा टापू पुन्हा उभा राहावा असे वाटणाऱ्या नागरिकांनी, गाळाधारकांनी आणि प्रभागातील कार्यकर्त्यांनी कामाला कोठून हात घालावा आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे येथे मांडले आहे. क्रमावर इतका भर देण्याचे कारण असे, की आपल्याकडे अशा कामांची सुरुवात बहुधा फरसबंदी, दिवे आणि कारंज्यांच्या चित्रांपासून होते. पाणी आणि तेथे काम करणारी माणसे या दोन गोष्टी मागे राहतात, आणि मग पहिल्याच महापुरात फरश्या गाळाखाली जातात.

पाण्यापासून सुरुवात

एप्रिल-मे महिन्यांत नाला वरच्या अंगापासून पंचगंगेपर्यंत पायी पाहावा. या दिवसांत पात्रात पावसाचे पाणी नसते, जे वाहते ते बहुतांशी सांडपाणीच असते, त्यामुळे कोणत्या तोंडातून काय येते हे स्पष्ट दिसते. प्रत्येक पाइपाची आणि गटाराच्या तोंडाची जागा मोबाइलवर नोंदवावी, छायाचित्र काढावे, आणि पाण्याचा रंग, वास, फेस, तेलाचा तवंग व पाहणीची वेळ लिहून ठेवावी. एकच तोंड सकाळी, दुपारी आणि रात्री असे वेगवेगळ्या वेळी पाहणे आवश्यक आहे, कारण घरगुती सांडपाण्याची वेळ आणि कारखान्यातील टाकी रिकामी होण्याची वेळ एक नसते. शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागासारख्या ठिकाणी किंवा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत नमुने तपासून घेता आले, तर नोंदीला वजन येते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्याचा निकष आहे. नाल्यासाठी पहिले उद्दिष्ट म्हणून तो पुरेसा आहे.

सध्या नाल्याचे पाणी खालच्या टोकाला अडवून उपसा केंद्रातून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवले जाते. दररोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे ते केंद्र पंचगंगेसाठी अत्यावश्यक आहे. परंतु या व्यवस्थेत नदीकडे जाणारे पाणी अडते. अडवण्याच्या जागेपर्यंतचा सगळा नाला मात्र गटारच राहतो, आणि जोराच्या पावसात तेच पाणी बांधावरून पुढे जाते. म्हणून मागणी करताना ‘नाला स्वच्छ करा’ असे मोघम लिहू नये. दोन्ही काठांनी ड्रेनेज वाहिनी, प्रत्येक घराची व गाळ्याची तिला जोडणी, आणि पाहणीत सापडलेल्या प्रत्येक तोंडाचे काय करणार याचे लेखी उत्तर, अशी मागणी नकाशासह द्यावी.

सांडपाणी खरोखर वळले की उन्हाळ्यात पात्र जवळजवळ कोरडे पडेल, याचाही विचार आधीच करायला हवा. दक्षिण कोरियातील सोल शहराने २००३ ते २००५ या काळात रस्त्याखाली गाडलेला चंगग्येचन हा ओढा सुमारे ५.८ किलोमीटर लांबीत मोकळा केला. त्यात वाहणारे पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणले जाते आणि त्या उपशाचा खर्च शहराला सतत करावा लागतो. आपल्याकडे प्रक्रिया केलेले पाणी परत पात्रात सोडावयाचे, की उन्हाळ्यात पात्र कोरडे ठेवून काठावर झाडी वाढवावयाची, हा निर्णय नकाशा काढण्यापूर्वी झाला पाहिजे. मला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण हंगामी ओढा उन्हाळ्यात आटणे स्वाभाविकच आहे. नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग किंवा गाळे काढण्याचा प्रस्ताव आला, तर त्याला ठाम विरोध करावा. झाकलेल्या पात्रातला गाळ काढता येत नाही, सांडपाण्यातून निघणारे विषारी वायू आत साठतात आणि पुराच्या पाण्याची वाट अरुंद होते.

पुराच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या टापूत पाणी शिरते ते केवळ नाल्याला आलेल्या पुरामुळे नव्हे. पंचगंगा चढली की तिचा फुगवटा नाल्यातून उलटा शहरात येतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतील मूर्तिकार आणि दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यातील कुटुंबे हे दर मोठ्या पावसाळ्यात अनुभवतात. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तेव्हा जलसंपदा विभागाच्या पूररेषांचा नकाशा मिळवून प्रत्येक गाळा त्यावर बसवावा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत उद्यान, मैदान, झाडी असाच वापर धरावा. दोन रेषांच्या मधल्या जागेत बांधकामावर अटी असतात. जुन्या गाळ्यांमध्ये विजेचे मीटर आणि मोटारी २०२१ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर नेणे, हे खर्चाने लहान आणि उपयोगाने मोठे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही आराखड्याची वाट पाहण्याची गरज नाही.

माणसांची नोंद

या कामात सर्वाधिक वेळ जाईल तो येथे, आणि तो जाऊ द्यावा. जागेचा मालक मालमत्ता पत्रकावर दिसतो. भाड्याने गाळा चालवणारा टर्नर, त्याच्याकडचे दोन कामगार, शेजारी चहाची टपरी चालवणारी मावशी आणि भंगार गोळा करणारे कुटुंब कोणत्याच कागदावर दिसत नाहीत. जे कागदावर नसतात ते पुनर्वसनाच्या यादीतही नसतात. म्हणून कोणताही प्रकल्प जाहीर होण्यापूर्वी गाळ्यानिहाय नोंदवही तयार करावी. तीत काम कोणते, किती वर्षांपासून, जागा स्वतःची की भाड्याची, भाडेपावती आहे की तोंडी व्यवहार, वीजजोडणी किती भाराची, कच्चा माल कोठून येतो आणि पुढचे काम कोणाकडे जाते, एवढे लिहावे. शेवटची दोन कलमे विशेष जपून भरावीत. उद्यमनगराचे बळ एका गाळ्यात नसून शेजारपणात आहे: एक पॅटर्न करतो, दुसरा ओतीव काम, तिसरा मशिनिंग, आणि शेतकऱ्याच्या बंद पडलेल्या पंपाचा भाग त्याच दिवशी तयार होतो. ही साखळी नकाशावर रेषांनी दाखवली, की एक गाळा हलवल्याने किती जणांचे काम अडते हे अधिकाऱ्यांना बोलून पटवून द्यावे लागत नाही.

हे न केल्याने काय होते, त्याची उदाहरणे दूरची नाहीत. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार पुनर्विकास करावयाच्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा महापालिकेच्या मोकळ्या जागांना आणि म्हाडाच्या घरांना मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी केवळ गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. काही शब्दांच्या बदलाने सार्वजनिक वाटा किती आकसला, हे गिरणगावात आज डोळ्यांनी दिसते. सोलमध्येही ओढ्याकाठच्या यंत्रे व हत्यारांच्या लहान व्यापाऱ्यांना शहराबाहेर नव्या संकुलात जागा देऊ केल्या गेल्या, पण अनेकांना त्या परवडल्या नाहीत. फेरीवाल्यांना ज्या जुन्या मैदानात बसवले, तेही काही वर्षांतच पाडले गेले. ओढा सुंदर झाला, यात शंका नाही. कोल्हापुरात मात्र आहे त्या जागी किंवा चालत जाता येईल इतक्या अंतरावर पर्यायी गाळा आणि काही वर्षे स्थिर भाडे, या अटी पहिल्या निवेदनातच घालाव्यात.

माती, इमारती आणि कागद

फौंड्रीची (ओतशाळेची) वापरलेली वाळू, कटिंग ऑइल आणि प्लेटिंगचे (धातूवर मुलामा देण्याच्या कामाचे) पाणी वर्षानुवर्षे ज्या जमिनीत मुरले, तेथे थेट मुलांची बाग करू नये. वेगवेगळ्या खोलीवरच्या मातीचे नमुने घेऊन क्रोमियम, निकेल, शिसे आणि तेल यांची तपासणी करून घ्यावी, आणि दूषित माती निघाली तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून तिची विल्हेवाट २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे लावून घ्यावी. ती नाल्याच्या काठावर भराव म्हणून टाकणे हा सर्वांत वाईट उपाय आहे.

जुन्या शेडबाबत पाडण्याची घाई नको. लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात कालव्याकाठचे १८५२ मधील धान्यकोठार २०११ मध्ये कला महाविद्यालयाचे घर झाले आणि पुढच्या वर्षी त्याच्यासमोर सार्वजनिक चौक खुला झाला. आपल्या जवळचे उदाहरण शाहू मिलचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये स्थापन केलेली, कोटितीर्थ तलावाजवळची ही गिरणी २००३ मध्ये बंद पडली. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात तेथे प्रदर्शने आणि कार्यक्रम झाले, आणि एरवी बंद असलेले आवार लोकांनी भरून गेले. रिकाम्या शेडमध्ये असा तात्पुरता वापर सुरू करावा, म्हणजे जागा कशासाठी योग्य आहे ते पैसे खर्च होण्यापूर्वी कळते. माझ्या मते उद्यमनगरातील पहिल्या रिकाम्या शेडमध्ये आयटीआयच्या मुलांसाठी जुन्या कारागिरांच्या हाताखाली प्रशिक्षणाची जागा व्हावी.

कागदपत्रांसाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रके व मोजणी नकाशे घ्यावेत, आणि विकास आराखड्यातील आरक्षणे महापालिकेच्या नगररचना विभागात पाहावीत. माहिती मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा; त्याला ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. नाल्याकाठच्या बागेच्या आरक्षणाची तारीख अवश्य तपासावी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. जमिनीचा वापर बदलण्याचा प्रस्ताव त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली आला, तर हरकतींची मुदत चुकवू नये. हरकत व्यक्तिशः आणि संघटनेतर्फे, दोन्ही प्रकारे, नोंदवही व नकाशा जोडून द्यावी आणि पोच घ्यावी.

शेवटी देखभाल. काम पूर्ण झाल्यावर गाळ कोण काढणार, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातील खर्चाच्या खात्यातून), हे प्रकल्पाच्या मंजुरीतच लिहून घ्यावे. गाळ मे महिनाअखेर निघाला पाहिजे, आणि निघालेला गाळ त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे. काठावर टाकलेला गाळ जूनच्या पहिल्या पावसात पुन्हा पात्रात उतरतो. त्यामुळे ठेकेदाराचे देयक गाळ काढण्यावर नव्हे, तर तो वाहून नेल्याच्या वजनपावत्यांवर मंजूर व्हावे, अशी अट निविदेत घालण्याचा आग्रह धरावा.