'पोल्टरगाइस्ट' पुन्हा पाहताना

टोब हूपर दिग्दर्शित आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांची निर्मिती असलेला 'पोल्टरगाइस्ट' (१९८२) हा भयपट पुन्हा पाहायला बसताना दिवे मालवावेत, मोबाइल दूर ठेवावा आणि आवाज आधीच बेताचा लावावा, कारण जेरी गोल्डस्मिथ यांच्या अंगाईसारख्या सुरावटीनंतरचा कल्लोळ शेजाऱ्यांनाही उठवू शकतो.

सुरुवात चुकवू नये. अमेरिकेचे राष्ट्रगीत होऊन रात्रीचे प्रक्षेपण थांबते आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या उरतात. चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्यांवर वाढलेल्या तरुणांना हा जुना रिवाज आधी सांगून ठेवावा, म्हणजे चिमुकली कॅरोल अॅन त्या मुंग्यांशी का बोलते, हे त्यांना उमगेल.

स्वयंपाकघरातील खुर्च्यांचा प्रसंग मात्र मागे नेऊन दोनदा पाहावा. आई क्षणभर टेबलाकडे पाठ करते, कॅमेरा तिच्याबरोबर वळतो आणि परततो, तोवर खुर्च्यांचा मनोरा टेबलावर उभा असतो. मध्ये कट नाही. आधीच जोडून ठेवलेला मनोरा सहायकांनी कॅमेरा वळलेला असताना तिथे ठेवला. माझ्या मते हीच चित्रपटातली सर्वांत भीतिदायक जागा आहे.

वडील घरे विकणाऱ्या बिल्डरच्याच नोकरीत आहेत, हे ध्यानात ठेवून साहेबांचे दफनभूमीविषयीचे बोलणे नीट ऐकावे. शेवटचा उलगडा तिथेच पेरलेला आहे. आरशासमोर चेहरा सोलण्याचा प्रसंग आज मेणाचा वाटतो, तो पुढे पळवला तरी चालेल. २०१५ चा रिमेक त्याच रात्री लावू नये.