बोटं गारठली की श्वास ओटीपोटात धरा

तिबेटी बौद्ध साधनेत ‘तुम्मो’ म्हणजे आतली ऊब. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांच्या चमूने धरमशाळेच्या वरच्या भागात राहणाऱ्या तीन भिक्खूंवर प्रयोग केले. १९८२ साली छापलेल्या नोंदींत त्यांच्या हातापायांच्या बोटांचं तापमान जास्तीत जास्त ८.३ अंश सेल्सिअसने वाढलेलं आहे. आपल्याला अर्थात एवढं जमणार नाही, त्यामुळे स्वेटर काढायची घाई नको!

सोपी पद्धत अशी: मांडी घालून ताठ बसा. नाकाने श्वास भरून घ्या आणि घागर तळापासून भरावी तसा नाभीखाली दाबा. ओटीपोट आवळून पाच सेकंद धरा, मग सावकाश सोडा. असं पाच-सहा वेळा. सोबत नाभीखाली समईची वात तेवतेय असं डोळ्यांपुढे आणा. ही वात नुसती शोभेची नाही; २०१३च्या एका अभ्यासात दिसलं की श्वास ऊब चढवतो आणि ज्योतीचं ध्यान ती टिकवतं.

गरगरलं तर लगेच थांबा. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर हा प्रकार करूच नका. पाण्यात उभं राहून किंवा गाडी चालवताना तर मुळीच नाही.